चार नंबरचा नियम

वंदनाताई, आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि सोमवारी मला तुझ्या वर्गावर जायचंय.

प्राचार्य सरांनी बोलावून सांगितलं की आता पहिल्या वर्षाच्या अ आणि ब अशा दोन तुकड्या ठेवता येणार नाहीत. दोन्ही एकत्र करा, तुम्हीच घ्या. मी मान हलवली. मान हलवणं मला जमतं, हे तू सगळ्यांना सांगायचीस. मग सर म्हणाले, "नियम एकच ठेवा. दोन मॅडमचे दोन कायदे होते, पोरं गोंधळायची." दोन मॅडम म्हटल्यावर ते थांबले आणि टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडून तिकडे ठेवला. मी बाहेर आले.

तेव्हापासून माझं एका जागी बूड टेकत नाही. चहा ठेवते आणि गच्चीवर जाते. गच्चीवरून खाली येते तर चहा उतू गेलेला. घरमालकीणबाई आज जिन्यातून म्हणाल्या, "मॅडम, काही हरवलं का?" मी नाही म्हटलं. हरवलेलं काही नाही, फक्त एक नियम लिहायचा आहे.

बाकीचे नियम जुळवून घेता येतील. हजेरी, गृहपाठ, मोबाईल, यावर आपण कधी ना कधी एकमत केलं असतं. चौथ्यावर नाही. तुझा चौथा असा: प्रत्येकाने सत्रात एकदा तरी फळ्यावर यायचं, सगळ्यांसमोर एक गणित सोडवायचं, आणि बाकावरून कोणी 'काऊन?', म्हणजे 'का?', विचारलं तर त्या पायरीचं कारण आपल्या घरच्या भाषेत सांगायचं. सूट कोणालाच नाही. माझा चौथा: ज्यांना फळ्यावर यायचं नसेल त्यांनी तेच कारण कागदावर लिहून द्यावं. सत्रभर आपण यावर भांडलो. आणि भांडण संपायच्या आधी तू उठून गेलीस.

मी पहिल्यांदा वडशाला आले तो दिवस आठवतो. मी चंद्रपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. तिथे नियम काचेच्या चौकटीत कॉरिडॉरमध्ये टांगलेले असायचे आणि आम्ही रांगेत त्यांच्याखालून जायचो. इथे मला जो पेपर मिळाला त्याचं नाव प्रीकॅल्क्युलस. कॅल्क्युलस सुरू करण्याआधी जे पक्कं असायला हवं ते सगळं त्यात, म्हणजे फलनं, आलेख, घातांक, लॉग, त्रिकोणमिती. बारावीचं गणित कसंबसं काढून आलेल्या मुलांसाठी. मुलं त्याला नुसतं 'प्री' म्हणायची आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी बाकावर 'प्री म्हणजे फ्री' असं कोरून ठेवलं होतं. मी घाबरले आणि घरी बसून इंग्रजीत एक पानभर नियम टाइप केले.

स्टाफरूममध्ये आपल्या दोघींना एकच टेबल होतं. तू ते पान उचलून वाचलंस. चष्मा कपाळावर चढवून वाचलंस, म्हणजे वाचण्याचं नुसतं नाटक करत होतीस हे मला नंतर कळलं, कारण चष्म्याशिवाय तुला काही दिसायचं नाही.

"काय व, हे तू लिहिलं?"

"हो."

"फॉरेस्टवाल्यांची पाटी वाटून राह्यली मले. उशिरा येऊ नये, मोबाईल वाजवू नये, उशिराचा गृहपाठ घेतला जाणार नाही. 'वन्यप्राण्यांना खायला घालू नये' एवढंच राह्यलं."

मी हसले नाही. बाटलीचं झाकण लावत राहिले. ते आधीच लागलेलं होतं. तुला वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते, मला काय बोलायचं ते सुचत नव्हतं. मला नियम आवडायचे ते याचसाठी. नियम लिहिलेले असले की माणसाला कमी बोलावं लागतं. तुझं उलटं होतं. तू म्हणायचीस, "नियम म्हणजे पोट्ट्यांशी बोलणं सुरू कराले बहाना."

तुझ्या वर्गात गैरहजर राहायची मुभा होती. धान कापणीच्या दिवसांत अर्धे बाक रिकामे असायचे आणि तू शांत. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर चालणारी नाटकं सुरू झाली की निखिल, जो एका नाटक मंडळीत ऑर्गन वाजवतो, तो सकाळच्या तासाला डोकं टेकून झोपायचा. मी दारावरून जाताना पाहिलं आणि तुला विचारलं. तू म्हणालीस, "झोपू दे. तो जागा राहून आला आहे. पण उद्या त्याले हा धडा सांगाच लागते." न येण्याचं कारण तू कधी मागितलं नाहीस. दुसऱ्याकडून शिकून ये आणि मला सांग, एवढंच. मला वाटायचं ही ढिलाई आहे. मग चाचणीत निखिलने आलेख काढला तो माझ्या शंभर टक्के हजेरीवाल्यांनी काढला नव्हता. मी तुला ते सांगितलं नाही. आता सांगते.

आणि ते सीन प्रकरण.

आमच्या मुलांनी आपणहून 'साइन थीटा' असं कधी म्हटलं नाही. इंग्रजीत एस-आय-एन लिहिलेलं पाहिलं की ती सरळ 'सीन थीटा' म्हणायची, आणि कॉसला 'को-सीन'. वडशात सीन म्हणजे नाटकाचा सीन, दुसरं काही असूच शकत नाही. मी माझ्या नियमांत एक ओळ वाढवली होती, शास्त्रीय संज्ञांचे उच्चार अचूक असावेत. रोज दुरुस्त करायचे. मुलं माझ्यासमोर 'साइन' म्हणायची, पाठ वळली की 'सीन'. एकदा तुझा वर्ग चालू होता, मी बाहेर व्हरांड्यात पेपर तपासत होते. तू विचारत होतीस:

"मंडळी आज वडशात खेळली. उद्या कुठी?"

"आरमोरी," कोणीतरी.

"परवा?"

"ब्रह्मपुरी."

"सीन बदलला का?"

"नाई मॅडम. तोच."

"तोच सीन, त्याच क्रमानं, पुन्हा पहिल्यापासून. याले म्हणते पिरियॉडिक. आता को-सीन म्हणजे काय? तोच खेळ, पण तू चौथाई भाग झाल्यावर तंबूत शिरला. तुले मधूनच दिसून राह्यला. खेळ वेगळा नाई."

वर्ग हसत होता आणि मागून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, को-सीन म्हणजे तिकीट उशिरा काढणारा." तू म्हणालीस, "हाव. तू."

मी पेपर तपासायचे थांबले. इतकी वर्षं मी ते सूत्र पाठ म्हणत आले होते, कॉस थीटा म्हणजे साइन थीटा अधिक नव्वद, आणि त्याचा अर्थ मला व्हरांड्यात बसून कळला. तरीही टेबलावर आल्यावर मी तुला म्हटलं की विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेत बाहेरचे लोक यांना हसतील. तू म्हणालीस, "हसू दे. मग साइन म्हणतीन. तोंड वळते. समजलेलं परत जात नाई." मी म्हटलं, तोंड इतक्या सहज वळत नाही. त्यावर तू माझ्याकडे बघत राहिलीस. बहुतेक तेव्हा तुला माझ्याबद्दल काहीतरी कळलं, जे मी सांगितलं नव्हतं.

मग सविता आली. माझ्या तुकडीत होती. कुरखेड्याच्या पलीकडच्या गावातली, वसतिगृहात राहणारी, घरी गोंडी बोलणारी. तिची वही पाहून कोणीही खूश होईल. वर्गात मात्र एक शब्द नाही. तुझ्या नियमाची हवा माझ्या वर्गातही आली होती, मुलं आपणहून फळ्यावर जायला लागली होती, आणि तिची पाळी येईल म्हणून ती तासाआधी उलट्या करते असं तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं. मी तिला बोलावून म्हटलं, तू लिहून दे. तिने लिहून दिलं. सुरेख लिहिलं होतं. मी तो कागद तुला दाखवायला आणला, अभिमानाने.

तू वाचलास, खाली ठेवलास. "हे चांगलं आहे व. पण ती बोलली कुठी?"

"सगळ्यांनी बोलायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

"कुठीच नाई."

"मग?"

"मग तू सूट कोणाले देऊन राह्यली, तिले का तुले?"

मी डबा उचलला आणि धुवायला गेले. परत आले तेव्हा तू तुझ्या वर्गावर गेली होतीस. नंतर तू एवढंच म्हणालीस की जो बोलत नाही त्याला सूट देऊ नये, त्याला वेळ द्यावा. मला ते वाक्य नुसतं चांगलं वाटलं, त्याचा अर्थ लागला नाही. वेळ म्हणजे काय? पुढच्या आठवड्याची तारीख? मी ते विचारायला हवं होतं असं म्हणणार नाही. विचारायचं ठरवलंच होतं, पण मग तुझं दुखणं सुरू झालं.

त्या दुखण्याचं नाव आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. वसतिगृहातल्या मुलींच्या गळ्यातल्या पिशव्यांत सिकलसेलची कार्डं असतात. तू ते नाव घ्यायची नाहीस. "माझं रक्त सुट्टीवर गेलं होतं," म्हणायचीस, आणि बुडालेला तास रविवारी घ्यायचीस. रविवारी मुलं यायची. मी एकदा बघायला आले होते. तू खुर्चीवर बसूनच शिकवत होतीस, फळ्यावर मुलंच लिहीत होती. मला वाटलं हे तुझ्या दुखऱ्या पायांमुळे. आता वाटतं, तेवढंच नसेल.

नागपूरला तुला भेटायला आले तेव्हा तू बारीक आवाजात पहिलं काय विचारलंस, तर "चार नंबरचं काय केलंस?"

"आधी बरी हो. मग भांडू."

"म्हणजे टाळून राह्यली."

"हो."

"माझ्यासमोर टाळ. पोट्ट्यांसमोर टाळू नको." मग नर्स आली आणि तू तिला तिच्या गावाचं नाव विचारत बसलीस.

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आले ते तू गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी. अंगणात पांढरे कपडे, सतरंज्या, आणि तुझा तो फोटो ज्यात तू चष्मा कपाळावर ठेवला आहेस. भंतेजी म्हणाले, "आता वंदना होईल." मी चटकन दाराकडे पाहिलं. एका क्षणासाठी खरंच पाहिलं. बाकी सगळ्यांनी हात जोडले होते. तुझ्या आईने ते बघितलं असावं, कारण नंतर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तूच का ती इंग्रजीवाली?" मी हो म्हटलं. "तुझ्याशी भांडून आली का पोट्टी लय खूश राहे," असं म्हणून त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. मी तो सगळा संपवला. मला तेवढंच करता आलं.

परतताना निखिल फाटकाशी उभा होता. "मॅडम, सोमवारी आमच्यावर कोण येऊन राह्यलं?"

"मी."

"मग फळा राहणार का?"

"पाहू."

"पाहू म्हणजे नाई," तो म्हणाला. चिडून नाही. त्याने गाडी सुरू केली आणि गेला.

हे सगळं मी रविवारी लिहिलं आणि नियम कोराच राहिला. पुढचं आता लिहिते, सोमवार झाल्यावर.

तुझी मुलं पुढे बसली होती, माझी मागे. मध्ये एक बाक रिकामा, जणू तिथून नदी जात होती. मी पहिले तीन नियम मराठीत सांगितले. गैरहजेरीचा तुझा घेतला, मोबाईलचा माझा. मग म्हटलं, "चौथा मी अजून लिहिलेला नाही."

हे खरं होतं म्हणून म्हटलं, पण वर्गात एकदम कालवा झाला. "फळा पाहिजे मॅडम," पुढून. "आमच्याकडे असं सक्तीचं नव्हतं," मागून. निखिल म्हणाला, "मॅडम, आधी तुम्ही करा. मग आम्ही ठरवतो."

"का बे, मॅडम तर रोजच फळ्यावर राहते," त्याच्या शेजारचा.

"राहते. पण तोंड फळ्याकडं राहते."

हशा झाला. मी खडू घेतला. काय लिहायचं ते सुचेना म्हणून सोपंच लिहिलं, एक्सचा वर्ग बरोबर नऊ. खाली उत्तर, एक्स बरोबर धन किंवा ऋण तीन. आणि वळून उभी राहिले.

पायल, तुझ्या पहिल्या बाकावरची, म्हणाली, "काऊन?"

"काय काऊन?"

"पुस्तकात नऊचं वर्गमूळ तीन लिहिलं आहे. फक्त तीन. आज ऋण तीन कुठून आला?"

माझ्याजवळ याचं उत्तर शाळेपासून तयार आहे. इंग्रजीत आहे, एका ओळीचं. मी तोंड उघडलं आणि ती ओळ मला स्वतःलाच ऐकू आली. तसा संकेत आहे, असं ती ओळ सांगते. का आहे हे सांगत नाही. मी गप्प झाले. आता कोणीतरी हसेल, मग सगळे हसतील, हे मला त्या इंग्रजी शाळेपासून पाठ आहे, तिथे तोंडून घरचा 'पायजे' निघाला की असंच व्हायचं.

कोणी हसलं नाही. वडशाच्या फाटकावर मालगाडी जाईपर्यंत लोक गाड्या बंद करून उभे राहतात, तशी तुझी मुलं बसून राहिली. माझ्या तुकडीतला एक जण मागून कुजबुजला तर पायलने मागे वळून नुसतं बघितलं आणि तो थांबला. मला उत्तर पुरवायचा कोणी प्रयत्न केला नाही. घाई नाही, दया नाही. सगळी वाट बघत होती.

वंदनाताई, मी सत्रभर तुझा नियम चुकीच्या बाजूने वाचत होते. मला वाटत होतं तो फळ्यावर येणाऱ्यासाठी आहे. तो बाकांवर बसलेल्यांसाठी होता. कोणी अडखळत असेल तर आपण कसं बसावं, हे तू त्यांना शिकवत होतीस. गणिताच्या नावाखाली. आणि मला हे कधी सांगितलं नाहीस, की सांगितलंस आणि मी डबा धुवायला गेले होते?

मग मी बोलले. म्हटलं, वर्गमुळाचं चिन्ह हे यंत्र आहे, एक संख्या आत टाकली की एकच बाहेर यायला हवी, नाहीतर आलेख काढता येणार नाही. म्हणून आपण ठरवलं की ते धन संख्याच देईल. समीकरण वेगळं आहे. ते विचारतं, ज्यांचा वर्ग नऊ होतो असे कोण कोण आहात, सगळे हात वर करा. मग ऋण तीनलाही हात वर करावा लागतो. बोलताना मी 'पाहिजे' आणि 'पायजे' दोन्ही म्हटलं. पायलने मान डोलावली. "हाव. आता आलं."

तास संपल्यावर सविता थांबली. "मॅडम, मी लिहून देत होती. आता?"

तिला हो म्हणणं किती सोपं होतं. मी म्हटलं, "फळ्यावर यायचं. सगळ्यांनी. पण दिवस ज्याचा त्याने निवडायचा. आणि भाषा."

"माझ्या भाषेत सांगितलं तर यांना समजणार नाही."

"मग ते विचारतील."

"सगळ्यांच्या शेवटी," ती म्हणाली. "आणि नाही जमलं तर?"

"मला माहीत नाही. आजही मला जमेल असं वाटलं नव्हतं."

तिने वही दप्तरात ठेवली आणि गेली.

दिवस निवडायची मुभा तुला पटणार नाही, माहीत आहे. तू म्हणशील, हजेरीच्या क्रमाने घे, शेवटचा दिवस मागणारी पोट्टी तोपर्यंत रोज थोडी थोडी मरते. मी म्हणते, भीती असेल तर निदान तिची वेळ तरी तिच्या हातात असू दे. हा माझा चौथा. अर्धा तुझा आहे, अर्धा नाही. यावर तुझं उत्तर येणार नाही आणि त्यामुळे मी बरोबर ठरत नाही, एवढं मला कळतं. सविता शेवटच्या दिवशी आली तर कदाचित मी बरोबर. आली नाही तर तू. तोवर मला झोप लागणं कठीण आहे.

आज दुसरा दिवस. सविता नेहमीचा मागचा बाक सोडून मधल्या रिकाम्या बाकावर येऊन बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "इथून नीट दिसतं." बस्स, एवढंच. मी खडू घेतला आणि तोंड वर्गाकडे ठेवून, हात मागे वळवून लिहायला गेले. ओळ तिरकी होत पार खाली उतरली. मुलांनी मान वाकडी करून ती वाचली आणि वहीत सरळ लिहून घेतली.